दोन मासे

सोलापुरात पेठ कोणतीही असो, तिथे एक रेकॉर्डवाले अण्णा असतातच. कुणी निवृत्त बँकवाले, कुणी चादरींचे व्यापारी. ओळखायची खूण एकच. गाणं कसं होतं, असं विचारलं की अण्णा कार्ट्रिजचं नाव सांगतात.

कार्ट्रिज म्हणजे टर्नटेबलच्या दांडीच्या टोकाची इवलीशी डबी. खाली सुई, आत चुंबक. सुई खाचेतून थरथरत निघाली की चुंबक हलतो आणि चार-पाच मिलिव्होल्टची वीज निघते. तेवढ्या विजेवर अण्णांची सगळी पेन्शन वाहून जाते.

डबी घेण्याआधी पत्रिका बघावी लागते. दांडी जड असेल तर सुईची काडी ताठ हवी, हलकी असेल तर लवचीक चालते. दोघींच्या मेळातून उठणारं कंपन ८ ते १२ हर्ट्झच्या आत आलं की सोयरीक पक्की. त्याखाली गेलं तर वाकड्या तबकडीवर सुई उड्या मारते. आणि वाकड्या तबकड्यांना सोलापुरात काय तोटा! मे महिन्यात उन्हाच्या खिडकीत एखादी विसरली की तिचा पापड झालाच. अण्णांच्या थोरल्या लेकीचं स्थळ याहून कमी चौकशीत ठरलं होतं.

मग सुईचा भार. बहुतेक डब्यांना दोनेक ग्रॅम लागतो. पण अण्णांचं बालपण सराफांच्या दुकानात गेलेलं, ते माशांत मोजतात. मासा ग्रॅमपेक्षा किंचित हलका. “दोन मासे बास! चार घातले की वाट लागली,” असं ते एकदा फोनवर ओरडून सांगत होते. देवघरात जप करणारी माळकरी आई उठून बाहेर आली, आणि संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघराकडे फिरकली नाही.

बालगंधर्वांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांची तऱ्हा निराळी. खाच इतकी रुंद, की एलपीची सुई तिच्या तळाशी कचऱ्यातच घासत राहते. एलपीच्या साध्या सुईच्या टोकाची त्रिज्या १८ मायक्रॉनच्या आसपास. इथे ७५ च्या आसपास लागते. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम-९५ मालिकेत डबी तीच ठेवून नुसती सुई बदलता येते, म्हणून अण्णा तिच्यावर खूश. त्यातली ७८ ची सुई पाच ग्रॅमवर चालते. आईसमोर मात्र हा आकडा ते आता माशांत सांगत नाहीत.

एका बाबतीत अण्णांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. एलपीच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, आत लेबलाजवळ जेमतेम २१. तेवढ्या दाटीत सूर कोंबले की आवाज फाटतो, ‘स’ आणि ‘श’ थुंकल्यासारखे येतात. आणि आपली भैरवी नेमकी शेवटी! “आमची भैरवीच लेबलाला चिकटते बघा,” अण्णा कळवळून म्हणतात आणि गोल टोकाची सुई काढून लंबगोल टोकाची लावतात. ती अरुंद वळणं जास्त नीट वाचते. झिजलेल्या जुन्या तबकडीची खरखरसुद्धा कधीकधी तितक्याच मन लावून वाचते, पण हे त्यांना सांगायचं कुणी?

भिंतीपलीकडे यंत्रमाग. त्याची धडधड फरशीतून थेट सुईत चढते. म्हणून टर्नटेबलखाली सोलापुरी चादरीची चौघडी घातलेली. पंखाही बंद. ऐकायला येणाऱ्याने येतानाच एक टॉवेल आणावा.

परवा एक पाहुणे असेच घाम पुसत म्हणाले, “अण्णा, लताबाईंनी वडिलांबरोबर पहिली शास्त्रीय मैफल केली ती आपल्या सोलापुरात. ९ सप्टेंबर १९३८. नऊ वर्षंही पूर्ण नव्हती पोरीला. तिची रेकॉर्ड निघाली असती तर?”

अण्णांनी डोळे मिटले. बराच वेळ गेला. पाहुण्यांना वाटलं, गहिवरले.

“१९३८ म्हणजे ७८ चीच,” अण्णा म्हणाले. “पाच मासे.”

देवघरात जपाची माळ थांबली.