टपरीवरची निवड समिती

शेंद्र्याच्या एमआयडीसीत शिफ्ट सुटली की टपरीवर निदान ठरलेलं: आपल्या टीमला एक तगडा रेडर हवा! बरं, मग प्रो कबड्डीच बघा. 2022 साली तमिळ थलैवाजने रेडर पवन सेहरावतवर 2.26 कोटी ओतले. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि संघ प्रथमच उपांत्य फेरीत पोचला! पुढच्या हंगामात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी 2.60 कोटी मोजले. पवन खेळला, गुणही लुटले, टायटन्स तळाला. करंडक नेला पुणेरी पलटणने, नगर जिल्ह्यातल्या अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली. (शादलूवर त्यांनीही 2.35 कोटी खर्चले होते म्हणा, पण तो पडला डाव्या कोपऱ्यात पकडी करणारा. त्याचं पोस्टर कोण लावतो?) तेव्हा समितीने रेडर जरूर आणावा. फक्त डावा कोपरा कोण सांभाळणार, तेवढं चहा संपायच्या आत ठरवा.