आवक क्रमांक असलेलं आश्चर्य

मालवणच्या धक्क्यावर सध्या सगळ्यात स्वस्त काय मिळत असेल, तर 'अनबिलिव्हेबल'. सुरमईची तुकडी ताटागणिक पातळ होत चाललीय, पण अनबिलिव्हेबल फुकट आणि पोटभर. तारकर्लीच्या समुद्रात बुडी मारून वर आलेला पाहुणा आधी नाकातलं खारं पाणी काढतो आणि मागोमाग अनबिलिव्हेबल. सोलकढी 'इन्क्रेडिबल', सूर्यास्त 'अनरिअल', रस्त्यावरची गाय 'माइंडब्लोइंग'. बिल हातात पडलं की मात्र माणूस मातृभाषेत येतो.

केंद्र सरकारने २००२ साली 'इन्क्रेडिबल इंडिया'ची जाहिरात काढली, तेव्हापासून या शब्दांना सरकारी शिक्काही मिळालाय. विश्वास बसू नये असा देश, असं आपणच जगाला सांगत सुटलो. जगाने ऐकलं असावं.

आमच्याकडे विश्वास बसू नये असं काहीच नाही, असं मुळीच नाही. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. चारी बाजूंनी खारं पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरींना गोडं पाणी. तटाच्या पायात शिसं ओतल्याचं सांगतात. साडेतीनशेहून जास्त पावसाळे त्या तटाने अंगावर घेतले. हे पाहायला आलेला पाहुणा साखरबावीत वाकतो, मोबाइल पाण्यात पडता पडता सावरतो आणि अनबिलिव्हेबल म्हणतो. ते मोबाइलसाठी असतं. परतीच्या होडीत एकाने तांडेलाला विचारलं, "भाऊ, समुद्रात गोडं पाणी कसं काय?" तांडेल वल्ह्यावरून नजर न काढता म्हणाला, "जागा बघून खणल्यानी, म्हणान."

जागा बघून. हवा बघून. खाऱ्या वाऱ्यात लोखंडाचं काय होतं, हे मालवणात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. खिडकीचे गज दरवर्षी चतुर्थीच्या आधी खरवडून रंगवले नाहीत, तर पुढच्या चतुर्थीला बोटाने पापुद्रे निघतात. बिजागरी करकरते, मग अडकते, मग एके दिवशी दार हातात येतं. त्या दिवशी घरात कोणी अनबिलिव्हेबल म्हणत नाही. "सांगलंलंय मी" एवढंच ऐकू येतं, तेही आईकडून.

याच मालवणात, राजकोटावर, ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनाच्या निमित्ताने पंतप्रधानांच्या हस्ते महाराजांच्या ३५ फुटी पुतळ्याचं अनावरण झालं. २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. नऊ महिनेसुद्धा भरले नव्हते. गावात त्या दुपारी जो तो "आवशीचो घो!" म्हणाला आणि गप्प झाला. आमच्याकडे अविश्वासाला एवढा एकच शब्दप्रयोग आहे, आणि तो सहसा पुरतो. बाकी सगळीकडे इंग्रजी उघडलं: अनफॉर्च्युनेट, अनइमॅजिनेबल, अनप्रेसिडेंटेड. पाहुण्याच्या तोंडी जे कौतुक असतं, ते खुर्चीच्या तोंडी आलं की त्याचं चिलखत होतं. जे कल्पनेपलीकडचं, त्याला जबाबदार कोण? कल्पना.

आता गंमत पाहा. पुतळा पडण्याच्या सहाच दिवस आधी, २० ऑगस्टला, सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मालवणच्या अभियंत्याने नौदलाच्या अधिकाऱ्यांना पत्र धाडलं होतं: पावसाने आणि खाऱ्या वाऱ्याने पुतळ्याचे नट-बोल्ट गंजताहेत, कायमचा उपाय करा. पुतळा पडेल असं काही त्यात म्हटलेलं नव्हतं. सरकारी पत्र इतकं पुढचं बोलत नाही. पण कल्पनेपलीकडच्या गोष्टीचं पहिलं प्रकरण जावक क्रमांक घालून टपालात पडलेलं होतं. मालवणातली कुठलीही आई ते पत्र वाचून पुढचं प्रकरण तोंडी सांगू शकली असती.

पुढे पंतप्रधानांनी पालघरला माफी मागितली. गुन्हे दाखल झाले, अटका झाल्या, आणि ११ मे २०२५ रोजी त्याच जागी ६० फुटांच्या नव्या पुतळ्याचं लोकार्पण झालं. तो उभा राहो, शंभर चतुर्थ्या पाहो.

मला राहून राहून आठवतो तो वारा. तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी कारण दिलं होतं, ताशी ४५ किलोमीटरच्या वाऱ्याचं. वारा मोजायची एक जुनी पट्टी आहे, ब्रिटिश आरमारातल्या ब्यूफर्टसाहेबाची, १८०५ सालची. शून्यापासून बारापर्यंत पायऱ्या. जमिनीवरच्या खुणा तिला पुढे जोडल्या गेल्या. ताशी ४५ किलोमीटर म्हणजे सहावी पायरी. तिथली खूण अशी: झाडांच्या मोठ्या फांद्या हलतात, तारा शिट्टी घालतात, छत्री सांभाळणं जड जातं.

पुतळ्यांचा उल्लेख त्या पट्टीत बाराव्या पायरीपर्यंत कुठेच नाही. साहेबाची कल्पनाशक्ती तोकडी.