चित्रकार वगळून सर्वांचे आभार

महाराष्ट्रातला सध्याचा सर्वांत कष्टाळू चित्रकार कोण, असं कुणी विचारलं तर आम्ही बेधडक सांगू : इंटरनेट. आषाढीला विठ्ठल, 19 फेब्रुवारीला शिवराय, 14 एप्रिलला बाबासाहेब, भाद्रपदात गणपती; मधल्या काळात खंडोबा, जोतिबा आणि पावसाची सर आली की हिरवागार सह्याद्री. प्रत्येक चित्राखाली ‘सौजन्य : इंटरनेट’ असं लिहिलेलंच असतं. त्याचा भाऊ गूगल, तोही बरं काढतो. मावसबहीण पिंटरेस्ट, तिचा हात रांगोळी आणि मेंदीवर बसलेला. एवढं मोठं कलावंत घराणं, पण वृद्ध कलावंत मानधनासाठी कधी अर्ज नाही, की पुरस्कारासाठी कुणाच्या दारात उभं राहणं नाही.

काही संकुचित वृत्तीच्या लोकांचं म्हणणं असं, की या चित्रांमागे सांगलीतला कुणी मुलगा किंवा नागपुरातली कुणी मुलगी टॅबलेटवर मान मोडून बसलेली असते. असतीलही. अशा लोकांना चित्राच्या कोपऱ्यात आपलं नाव लिहायची खोड असते, आणि त्यावर विज्ञानाने क्रॉप नावाचं औषध शोधलेलं आहे. औषध लागू पडू नये म्हणून हे लोक चित्राच्या ऐन मध्यावर फिकट अक्षरांत वॉटरमार्क टाकू लागले. आता तो पुसायचंही ॲप निघालं. पुसून झालं की पेजचे ॲडमिन मोकळ्या जागी आपल्या पेजचं नाव ठसठशीत टाकतात आणि खाली इशारा देतात : ‘आमच्या पोस्ट चोरणाऱ्यांवर कायदेशीर कारवाई केली जाईल.’ चोरीची इतकी चीड असलेला माणूस आम्ही दुसरा पाहिला नाही. काही ॲडमिन अधिक सुसंस्कृत असतात. ते आधी नाव कापतात आणि मग लिहितात, ‘मूळ कलाकार कोणाला माहीत असल्यास कळवावे.’

आपले संत या बाबतीत पक्के होते. नामा म्हणे, जनी म्हणे, तुका म्हणे. नाव थेट छंदातच विणून टाकलेलं. कापायला गेलात तर अभंगच लंगडा होणार. क्रॉपवाल्यांचं काही चालेना, तेव्हा लोकांनी उलटी वाट धरली. रचना आपली आणि शेवटी ‘तुका म्हणे’. अस्सल कोणते आणि प्रक्षिप्त कोणते हे निवडता निवडता गाथेच्या संपादकांचे डोळे गेले. ज्ञानेश्वरीचंही तेच. लोकांनी घुसडलेल्या ओव्या आणि पाठभेद निस्तरत एकनाथांनी 1584 च्या सुमारास तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. यापुढे जो हिच्यात आपली ओवी घालील तो अमृताच्या ताटात नरोटी ठेवील, असंही बजावून ठेवलं. मराठीतले पहिले कडक ॲडमिन ते. त्यांनी त्या प्रतीला ‘एकनाथी ज्ञानेश्वरी’ असं नाव मात्र दिलं नाही. एवढी मोठी ब्रँडिंगची संधी हातची घालवली.

प्रक्षिप्तांची परंपरा अखंड चालू आहे. पु. ल. देशपांडे 2000 साली गेले, व्हॉट्सॲप 2009 साली आलं. तरी पुलंचं तिथलं लेखन खंडलेलं नाही. कुणा बँकेतल्या कारकुनाने दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत लिहिलेला बरा उतारा संध्याकाळपर्यंत पुलंचा होतो. कविता असेल तर कुसुमाग्रजांची. कारकुनाच्या नावाने ती पुढे कोण पाठवणार? नाव हे ज्याच्याकडे आधीच भरपूर आहे त्यालाच द्यायचं, असा आपला शिरस्ता आहे. राजा रविवर्म्याचंच बघा. 1894 साली मुंबईत छापखाना काढून स्वतःच आपल्या चित्रांच्या प्रती घरोघरी पोचवणारा माणूस. 1906 साली वारला, कॉपीराइट केव्हाच संपला, त्याची लक्ष्मी कुणीही छापावी, विचारायला कुणी येणार नाही. तरी तिच्याखाली त्याचं नाव भक्तिभावाने लिहिलं जातं. जिथे कायद्याची जबरदस्ती नाही तिथे आपण किती प्रामाणिक असतो!

परवा गणपतीच्या तोंडावर एका फ्लेक्सवाल्याच्या दुकानात बसायचा योग आला. शेजारी एका मंडळाचे कार्याध्यक्ष. त्यांच्या मोबाइलवरून आलेला बाप्पा स्क्रीनवर उघडला. चित्र खरोखर देखणं. सोंडेवर समईचा उजेड, पीतांबराची चुणी न् चुणी वेगळी, आणि उंदराच्या शेपटीला लागून बारीक अक्षरांत सही.

“ते काय लिहिलंय रे?”

“चित्र काढणाऱ्याचं नाव असेल, साहेब.”

“उडव. बाप्पाच्या पायाशी भलत्याचं नाव बरं दिसत नाही.”

पोराने क्लोन स्टॅम्प फिरवला. सही गेली, तिच्याबरोबर शेपटीचं टोकही गेलं. मग बाप्पाच्या पायाशी गॉगल लावलेले भावी नगरसेवक बसवण्यात आले. त्यांच्याखाली शुभेच्छुक : अध्यक्ष, उपाध्यक्ष, सहउपाध्यक्ष, खजिनदार, खजिनदाराचे मेहुणे (युवा उद्योजक). मंडपवाला होता, साउंडवाला होता, वडापाववाल्याचं नाव तर फोन नंबरासकट होतं. आम्ही आपलं भीत भीत विचारलं, चित्रकाराचं नाव कुठे कोपऱ्यात बसतंय का? “जागा कुठंय?” साहेब म्हणाले. तेवढ्यात राहिलेल्या एका सल्लागाराचा फोटो आला. बाप्पा थोडा लहान करून जागा करण्यात आली.

कायदा आहे, नाही असं नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं 57 वं कलम म्हणतं, की कलावंताने हक्क विकले तरी ‘हे माझं आहे’ म्हणायचा आणि कलाकृतीची मोडतोड करून बदनामी केल्यास दाद मागायचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांनी तो बजावूनही दाखवला. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं त्यांचं भित्तिशिल्प सरकारने 1979 मध्ये उतरवून गोदामात टाकलं होतं. 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते त्यांना परत द्यायला लावलं, वर 5 लाख रुपये भरपाई. उतरवल्यापासून निकालापर्यंत 26 वर्षं. आपला गणपती दहा दिवसांत विसर्जित होतो, आणि फ्लेक्स पुढच्या पावसाळ्यात कुणाच्या तरी गोठ्यावर चढतो. खाली म्हशी, वर भावी नगरसेवक.

जिथे नाव एकाचं नाही, सबंध जमातीचं आहे, तिथे तर काम आणखी सोपं. लग्नाचा चौक भिंतीवर लिहिणाऱ्या वारली बायकांची नावं पूर्वीही कुणी विचारली नाहीत. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, 2014 मध्ये वारली चित्रांना भौगोलिक मानांकनही मिळालं. आता तारपा वाजवणाऱ्या पांढऱ्या माणसांची तयार फाइल कुठूनही उतरवून मगावर, कुर्त्यावर, बिल्डरच्या लॉबीत डकवता येते. खाली लिहायचं ‘ट्रायबल आर्ट’. नकाशावर डहाणू-तलासरी कुठे आहे तेही ठाऊक असायची गरज नाही.

2025 च्या मार्चमध्ये अख्ख्या महाराष्ट्राने आपापले लग्नाचे फोटो एआयकडून घिबली शैलीत करून घेतले, त्याबद्दल आम्ही काही बोलणार नाही. घिबली स्टुडिओच्या मियाझाकींना मराठी येत नाही, आणि शैलीवर कॉपीराइट नसतो.

आमच्या ओळखीतल्या एका चित्रकाराने मात्र मागे हिंमत केली. आपणच काढलेले शिवराय एका मोठ्या पेजवर पाहून त्याने खाली लिहिलं, “दादा, हे चित्र माझं आहे.” उत्तरं धडाधड आली. “महाराजांपुढे स्वतःचं नाव आणतो, लाज वाटली पाहिजे.” “महाराज काय एकट्या तुझे आहेत का?” “पुरावा दे.” त्याने पुरावा म्हणून चित्र काढतानाचा व्हिडिओ पाठवला. दुसऱ्या दिवशी त्याची रील झाली, पेजच्या नावाने. ती चित्रापेक्षा जास्त चालली. मग खुद्द ॲडमिनचा फोन आला. सूर अगदी घरचा.

“दादा, तुमच्या हातात जादू आहे. पुढच्या शिवजयंतीला आमच्यासाठी खास एक काढा. पैशाचं काही जमणार नाही, पण तुमचं नाव शंभर टक्के टाकू. फक्त फाइल ओपन पाठवा, लेयरसकट. आणि नाव तेवढं वेगळ्या लेयरवर ठेवा.”