सात टक्क्यांची मर्सिडीज

जानेवारी उजाडला की आलिशान मोटारींच्या कंपन्यांचा निकाल लागतो. २०२४च्या विक्रीचा असा लागला: मर्सिडीज १९,५६५ गाड्या, बीएमडब्ल्यू (मिनी धरून) १५,७२१, ऑडी ५,८१६. मर्सिडीज २०१५पासून पहिल्या बाकावर. त्याआधी तिथं ऑडी बसायची, तिच्याआधी बीएमडब्ल्यू. हे आकडे चवीनं वाचणाऱ्यांत गाडी घेणारे किती, ते विचारू नका. देशात त्या वर्षी ४३ लाखांच्या आसपास मोटारी खपल्या. त्यात हे तिघे जर्मन मिळून शेकडा एकसुद्धा भरत नाहीत.

बुंदेलखंडातल्या झाशीच्या इलाइट चौराह्यावर तर या निकालाला कुत्रं विचारत नाही. तिथं मान स्कॉर्पिओचा आणि फॉर्च्युनरचा. यूपी ९३ या झाशीच्या नंबराची पांढरी स्कॉर्पिओ, काळ्या काचा, मागे रेडियमच्या अक्षरांत ‘प्रधान’. तिच्यापुढे भुशानं फुगलेली ट्रॅक्टर-ट्रॉली, आणि हॉर्नवरचा अंगठा काही निघत नाही.

तुलना करायची तर मोटार आणि ट्रॅक्टर या दोघांची करा. आपल्या मराठवाड्यात ती होऊन गेली आहे. बुंदेलखंडासारखाच पावसानं तोंडघशी पाडलेला मुलूख. ऑक्टोबर २०१०मध्ये औरंगाबादकरांनी एका झटक्यात १५० मर्सिडीज उचलल्या, ६५ कोटींच्या. गंमत अशी, की गावाच्या उशाशी शेंद्र्याला तेव्हा ऑडी जोडल्या जात होत्या! पण एकगठ्ठा खरेदीचा सौदा जमला तो चाकणच्या मर्सिडीजवाल्यांशी. वर्तमानपत्रांनी लगोलग मराठवाड्याचा कायापालट जाहीर करून टाकला. पत्रकार पी. साईनाथांनी मात्र बोनेटवरची चांदणी सोडून कर्जाचा हिशेब पाहिला. ६५तले ४४ कोटी स्टेट बँकेचे, व्याज ७ टक्के. त्याच मुलखात शेतकऱ्याला ट्रॅक्टर घ्यायचा तर व्याज १२ टक्क्यांच्या वर. त्या दिवशी गाड्या मर्सिडीजनं विकल्या की बँकेनं, हे कुठल्या तक्त्यात बसवायचं?

कंपनीवाले स्वतः कधीकधी खरं बोलून जातात. २०२२मध्ये मर्सिडीज इंडियाचे संतोष अय्यर म्हणाले, आमची स्पर्धा एसआयपीशी आहे. महिन्याला ५० हजार म्युच्युअल फंडात टाकणारा माणूस शोरूमची पायरी चढत नाही, हे त्यांचं दुखणं. गिऱ्हाइकाची बचत म्हणजे यांना शेजारचं दुकान. ट्रॅक्टरवाल्याला निदान हा ताप नाही. हप्ता भरून उरलं तर एसआयपी!

झाशीत आता ‘बीडा’ अवतरलंय. बुंदेलखंड औद्योगिक विकास प्राधिकरण, जन्म २०२३चा. पहिल्या टप्प्यात ३३ गावांची ३५ हजार एकरांच्या आसपास जमीन घ्यायचं ठरलंय. जमिनीचा पैसा खात्यात पडला की दारात आधी काय उभं राहतं, ते उद्योगांना जमिनी दिलेल्या शेंद्रा-बिडकीनकडच्यांना विचारा. उद्या यूपी ९३मध्ये चांदणीवाल्या गाड्या दिसू लागल्या, तर कंपन्यांचे तज्ज्ञ छोट्या शहरांच्या वाढत्या आकांक्षांवर रंगीत आलेख काढतील. कुठली चांदणी कुठल्या खसऱ्यातून उगवली, ते लेखपालाला, म्हणजे तिकडच्या तलाठ्याला, तोंडपाठ असेल. पण त्याला विचारतो कोण?