शेवटच्या ओळीचे वाचक

काळेवाडीत इंजिनिअर किती राहतात हे मोजायचं असेल तर जनगणनेची वाट बघायला नको. रात्री साडेदहाच्या सुमारास नेट जाऊ द्यावं. पाचव्या मिनिटाला गॅलरी-गॅलरीत एकेक माणूस मोबाईल आभाळाकडे धरून उभा राहतो. दीड गुंठ्यावर चार मजले, मजल्याला दोन बिऱ्हाडं आणि बिऱ्हाडात एक तरी जीव असा, जो हिंजवडीला जातो, चाकणला जातो किंवा तिथे जायला मिळावं म्हणून कोर्स लावतो. बापाने पिंपरीच्या कंपनीत लेथवर उभं राहून हे मजले चढवले. पोरगा त्याच मजल्यावर बसून 'पिप इन्स्टॉल' असं टाइप करतो आणि लाल अक्षरं बघत बसतो.

आजचा विषय ती लाल अक्षरं.

ज्यांचा या खात्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हल्ली कोणी अख्खा प्रोग्रॅम स्वतः लिहीत नाही. जगातल्या अनोळखी लोकांनी लिहून ठेवलेली पॅकेजेस नेटवरून उतरवून घ्यायची आणि त्यांच्यावर आपलं नाव घालायचं, याला सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग म्हणतात. पायथनवाल्यांचं भांडार पायपीआय, जावास्क्रिप्टवाल्यांचं एनपीएम. एक आज्ञा द्यायची की पॅकेज येतं. ते येताना स्वतःला लागणारी आणखी दहा घेऊन येतं, त्या दहांचे आणखी नातेवाईक असतात. हे सगळं वऱ्हाड नेटवरून येणार, आणि नेट येणार आमच्या चौकातल्या विजेच्या खांबावरून, जिथे किती वायरी आहेत आणि त्यातल्या जिवंत कुठल्या, हे परमेश्वर आणि केबलवाला सोडून कोणालाही माहीत नाही.

आमच्या वरच्या मजल्यावरचा पोरगा शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टचा विषय दरवर्षी असतो तोच : पानाच्या फोटोवरून पिकाचा रोग ओळखणे. काळेवाडीत पीक औषधालाही उरलेलं नाही, ती गोष्ट वेगळी. दुसऱ्या दिवशी सकाळी गाइडला डेमो दाखवायचा, म्हणून शिस्तीत आदल्या रात्री पहिलं पॅकेज उतरवायला घेतलं. पडदा लाल झाला. पोराने मोबाईलने पडद्याचा तिरका फोटो काढला. फोटोत ट्यूबलाइट आली, पोराचा अंगठा आला आणि सगळ्यात खालची एक ओळ आली : 'नो मॅचिंग डिस्ट्रिब्यूशन फाउंड'. म्हणजे असं पॅकेज अस्तित्वातच नाही. हा फोटो त्याने सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. नोव्हेंबर २०१९ पासून शहरात दिवसाआड पाणी आहे आणि तेव्हापासून हा ग्रुप 'पाणी आलं का' एवढ्याच प्रश्नावर जिवंत आहे. त्यामुळे रात्री नवा विषय आल्यावर ग्रुप खडबडून जागा झाला.

एकाने सांगितलं, पायथन जुना आहे, नवा टाक. दुसऱ्याने सांगितलं, फार नवा आहे, जुना टाक. हिंजवडीवाल्या दादाने अँटिव्हायरस काढायला लावला. तळमजल्यावरच्या वहिनींनी उद्याचा टँकर नक्की झाला का विचारलं. चाकणच्या कंपनीतून निवृत्त झालेले काका म्हणाले, "राउटर बंद करून चालू कर," कारण ते सगळ्यालाच हे सांगतात. कोणीतरी विंडोज नवं मारायचा सल्ला दिला आणि त्याला चार अंगठे मिळाले. मध्यरात्रीपर्यंत पोराने पायथन दोनदा काढून दोनदा टाकला, अँटिव्हायरस घालवला आणि रडवेला होऊन बसला. वरच्या ओळी वाचायला मात्र त्याला एकानेही सांगितलं नाही.

कारण खरी मेख वर असते. नेट तुटलेलं असताना पायथनची पॅकेजेस उतरवून आणणारा पिप एकदम हात वर करत नाही. एका खेपेला तो १५ सेकंद वाट बघतो, आणि पहिली खेप फुकट गेल्यावर आणखी पाच वेळा पुन्हा प्रयत्न करतो. दर खेपेला एक लांबलचक ओळ लिहितो : 'रिट्रायिंग', आणि पुढे 'कनेक्शन ब्रोकन बाय', म्हणजे जोडणी अमुक कारणाने तुटली. ते कारण तिथेच, तुटक इंग्रजीत पण प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं. सगळे प्रयत्न संपले की मात्र त्याचा बाबू होतो. भांडारातली यादी हाती आलीच नाही, सबब यादीत आपलं पॅकेज नाही, असा शेरा मारून तो खिडकी बंद करतो. त्या शेऱ्याच्या जोडीला कंसात 'फ्रॉम व्हर्जन्स : नन' असं असतं. एकही आवृत्ती दिसली नाही, म्हणजे त्याने बहुधा भांडाराचं दारच बघितलं नाही. जगभर वापरलं जाणारं पॅकेज 'नाही' म्हणून सांगितलं जातं तेव्हा शंका पॅकेजवर घ्यायची नसते. एवढं कळायला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. उलट पदवी असली की कळायला वेळ लागतो, असा माझा अनुभव आहे.

वरच्या ओळीत काय असतं? विंडोजवर पुष्कळदा 'गेटअॅड्रइन्फो फेल्ड' असतं, सोबत ११००१ हा आकडा. लिनक्सवर 'टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन'. दोन्हींचा अर्थ एकच : साइटचं नाव दिलं, पण त्या नावाचा आकडी पत्ता सांगणारा डीएनएस सर्व्हर उत्तर देत नाही. अशा वेळी ८.८.८.८ ला पिंग करून बघावं. तिकडून उत्तर आलं, तर नेट धडधाकट आहे, पत्ता सांगणारा झोपलाय. डीएनएस बदलला की काम होतं. आमच्या वरच्या पोराचं दुखणं नेमकं हेच होतं, आणि त्यासाठी पायथनचा दोनदा बळी गेला.

'टाइम्ड आउट' असेल तर पत्ता मिळालाय, पण तिकडून कोणी बोलत नाही. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' असेल तर कोणीतरी तोंडावर नाही म्हटलंय. हा नकार मला व्यक्तिशः आवडतो. आपल्याकडे असा स्पष्ट नकार कुठल्याही कार्यालयात मिळत नाही. 'बघतो', 'कळवतो', 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' ही सगळी टाइम आउटचीच मराठी रूपं.

ऑफिसच्या लॅपटॉपची कहाणी निराळी. शनिवारी तो हिंजवडीहून घरी येतो, पण त्याच्या डोक्यातून ऑफिस जात नाही. सेटिंगमध्ये कंपनीच्या प्रॉक्सीचा, म्हणजे नेटच्या वाटेवरच्या मध्यस्थाचा, पत्ता तसाच बसलेला असतो. तो प्रॉक्सी कंपनीच्या भिंतीआड, आणि लॅपटॉप काळेवाडीत तापकीर चौकाजवळ. प्रत्येक मागणी आधी त्या न दिसणाऱ्या प्रॉक्सीकडे जाते आणि तिथेच मरते. घरातल्या टीव्हीवर मालिका सुरळीत चालू असते, म्हणून बायको म्हणते, "नेट तर चालू आहे." ती बरोबर असते. ऑफिसात गेल्यावर तोच प्रॉक्सी भेटतो, पण पासवर्ड मागतो, आणि पासवर्ड गेल्याच महिन्यात बदललेला असतो. या अडचणीचा नंबर ४०७.

कंपनीच्या आयटी खात्याबद्दल दोन शब्द बोललेच पाहिजेत. तक्रारीचं तिकीट टाकल्यावर ते पायपीआय डॉट ऑर्ग ही साइट उघडून देतात आणि तिकीट बंद करतात. पॅकेजचं नाव सापडतं, टीम टाळ्या वाजवते आणि उतरवणं शून्य टक्क्यावर अडकतं. कारण नावांची यादी त्या साइटवर असली, तरी फाइली येतात फाइल्स डॉट पायथनहोस्टेड डॉट ऑर्ग या दुसऱ्याच पत्त्यावरून, आणि तो बंदच आहे. मग दुसरं तिकीट. दुसऱ्या तिकिटावर प्रश्न येतो, "पहिलं तिकीट सुटलं असताना पुन्हा का टाकलंत?"

सर्वांत लोकप्रिय भानगड सर्टिफिकेटची. पलीकडची साइट खरीच तीच आहे ना, हे पिप तिच्या सर्टिफिकेटवरून तपासतो. अनेक कंपन्यांत मधला फायरवॉल वाहतूक उघडून बघतो आणि स्वतःचं सर्टिफिकेट पुढे करतो. पिपला ते पुष्कळदा ओळखीचं नसतं, तो थांबतो. घरी हेच दोन कारणांनी होतं. एक, लॅपटॉपचं घड्याळ. काकांच्या जुन्या लॅपटॉपचा आतला सेल संपलाय, त्याच्या मते अजून २०१५ साल चालू आहे, आणि २०१५ च्या हिशेबाने आजचं सर्टिफिकेट अजून जन्माला यायचंय. दुसरं कारण सांगायला लोक लाजतात : नेटचा प्लॅन संपलेला असतो, आणि कुठलीही साइट मागितली तरी केबलवाल्याचं पैसे भरायचं पान पुढे येतं. पिपला पैसे भरता येत नाहीत. तो सर्टिफिकेट चुकीचं आहे म्हणतो, आणि घरातली दोन पदवीधर माणसं एसएसएलवरचे व्हिडिओ बघायला बसतात, तेही मोबाईल डेटावर.

यावर जो उपाय सांगितला जातो तो आपल्या स्वभावाला साजेसा आहे. 'ट्रस्टेड होस्ट' नावाचा पर्याय जोडायचा, म्हणजे पिप तपासणीच सोडून देतो. ओळखपत्र जुळत नाही ना? मग ओळखपत्र बघूच नका! काम होतं, आणि होतं म्हणूनच हा सल्ला वाईट आहे. एकदा जोडलेला तो पर्याय पोरगा नोकरीला लागल्यावरही कंपनीच्या स्क्रिप्टमध्ये जिवंत राहतो, मधल्यामध्ये कोणी बनावट माल हातात ठेवला तरी कळत नाही. फायरवॉलचं सर्टिफिकेट आयटीकडून मागून पिपला ओळखीचं करून देणं हा सरळ मार्ग आहे. पण त्याला तिकीट लागतं, आणि तिकिटाचं काय होतं ते वर सांगितलंच.

इतकं करूनही अडलं, तर दोष दिल्लीतही असू शकतो. हा विनोद नाही. डिसेंबर २०१४ मध्ये दूरसंचार खात्याने ३२ साइट बंद करायचा आदेश काढला. शिफारस आपल्या मुंबईच्या दहशतवादविरोधी पथकाची, कारण इसिसच्या मजकुराचा संशय. यादीत गिटहब होतं, सोर्सफोर्ज होतं. जगातल्या प्रोग्रॅमरांची जी कोठारं, तीच काही नेट कंपन्यांच्या ग्राहकांना ऐन नववर्षाच्या तोंडावर उघडेनात. थोड्याच दिवसांत बंदी मागे घेतली गेली. पुढे २०२२ च्या फेब्रुवारीपासून व्हीएलसी प्लेयरची साइट देशात बऱ्याच ठिकाणी उघडेना. घराघरात लग्नाचे व्हिडिओ ज्यावर बघतात, तोच हा प्लेयर. बनवणाऱ्या व्हिडिओलॅन या फ्रेंच संस्थेलाही कोणी कारण कळवलं नव्हतं. त्यांनी कायदेशीर नोटीस पाठवून आदेशाची प्रत मागितली आणि नोव्हेंबरात साइट मोकळी झाली. एवढे महिने काळेवाडीतल्या किती राउटरांनी विनाकारण बंद-चालूचा त्रास सोसला असेल, याची नोंद कुठे नाही.

म्हणून मोबाईलचा हॉटस्पॉट लावून बघावा. तो इलाज नव्हे, ती परीक्षा आहे. हॉटस्पॉटवर पॅकेज उतरलं तर दोष घरच्या जोडणीत, तिच्या डीएनएसमध्ये किंवा तिच्या मालकाच्या बंदीत. तिथेही नाही उतरलं तर स्वतःच्या लॅपटॉपकडे बघावं. लोक मात्र हॉटस्पॉटवर काम झालं की तसेच झोपतात, आणि पुढच्या आठवड्यात तोच तिरका फोटो ग्रुपवर येतो.

कधी कधी नेट, लॅपटॉप, दिल्ली, सगळं शाबूत असतं आणि पॅकेजच नाहीसं झालेलं असतं. मार्च २०१६ मध्ये एनपीएमवरच्या एका माणसाचं पॅकेजच्या नावावरून भांडण झालं आणि त्याने रागाने स्वतःची सगळी पॅकेजेस काढून घेतली. त्यात 'लेफ्टपॅड' नावाचं एक होतं, मोजून ११ ओळींचं. अक्षरांच्या डावीकडे रिकामी जागा भरणं एवढंच त्याचं काम. त्याच्यावाचून जगभरच्या मोठमोठ्या प्रोजेक्टांची कामं अडली. ही हकीकत मी चाकणच्या काकांना सांगितली. सगळ्या ग्रुपमध्ये ती त्यांनाच पटकन कळली. "त्यात काय," म्हणाले, "आमच्याकडे भोसरीच्या व्हेंडरचा चार रुपयांचा वॉशर आला नाही म्हणून अख्खी लाइन उभी राहायची. पण स्टोअरवाला फलकावर लिहायचा, वॉशर नाही. गाडीच नाही असं नव्हता लिहीत."

पिपला हे जमलं असतं तर हे सदर लिहावं लागलं नसतं.

केबलवाल्याच्या मुलाचा उल्लेख राहिला. तो सकाळी अकराला आला, शिडी लावली, खांबावरची एक वायर ओढून बघितली आणि म्हणाला, "सर, आपल्याकडून ओके आहे. पुढून प्रॉब्लेम आहे." त्याच्या पुढच्यानेही तेच सांगितलं असणार. पोरगा तोवर मित्राच्या लॅपटॉपवर डेमो देऊन मोकळा झाला होता. कुठलं तरी पान रोगी निघालं आणि गाइड खूश झाल्या.

तर वाचकहो, एक विनंती. ग्रुपवर मदत मागताना पडद्याचा फोटो काढू नका. मजकूर कॉपी करा, वरपासून खालपर्यंत सगळा, आणि 'ब्रोकन बाय'च्या पुढचं स्वतः एकदा वाचून मगच पाठवा. घड्याळ बघा, प्लॅन संपलाय का बघा, प्रॉक्सी बघा, आणि मग पायथनला हात लावा. आणि मोठं काही उतरवायचं असेल तर गुरुवार सोडून करा. गुरुवारी आपल्याकडे लाइटच दुरुस्तीला असते.