झडत्या कोंबडीचा धनी

झडत्या कोंबडीचा धनी धुळे जिल्ह्यातल्या सोनगीरमध्ये पोळा सरला की दिसू लागतो. एरवी तो तांब्या-पितळेची भांडी ठोकणारा कारागीर, महामार्गावरचा दुकानदार किंवा निवृत्त मास्तर असतो. कोंबडी त्याने पाहुण्यांसाठी आणलेली असते. पाहुणे शेवभाजीवर समाधान मानून परत जातात, तोवर पोरे कोंबडीचे नाव मैना ठेवून मोकळी होतात, आणि नाव ठेवलेली कोंबडी कोणत्याही सुरीला चालत नाही.

मैना साधारण दीड वर्षाची झाली आणि दिवस लहान होऊ लागले की तिची पहिली मोठी पीसझड सुरू होते. आधी डोके आणि मान, मग छाती-पाठ, शेवटी पंख व शेपूट असा क्रम असतो. तुरा फिका पडतो, अंडी बंद होतात. बहुतेक कोंबड्या दोन-तीन महिन्यांत यातून बाहेर येतात. एखादी रेंगाळणारी चार महिनेही घेते. धन्याला यातले काहीच ठाऊक नसते. अंगणातली पिसे पाहून तो आधी मांजरावर संशय घेतो, मग शेजाऱ्यावर.

शेजारी “कोंबडीले काय व्हयनं?” असे विचारतात, पण दोन पावले मागे सरून. त्यांचेही चुकत नाही. 2006 च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू नवापूरला सापडला, आणि नवापूर 1998 पर्यंत धुळे जिल्ह्यातच होते. म्हातारी मंडळी मानमोडीचे नाव घेतात. मानमोडीत मान मुरडते, बर्ड फ्लूत पक्षी पटापट मरतात. मैना तर विचारणाऱ्याच्याच ओट्यावर वाळत घातलेली दादर ज्वारी टिपत असते. तरी धनी रात्री बॅटरी घेऊन तिच्या पंखांखाली उवा-गोचिडे शोधतो. त्याच्या सगळ्या उपचारांत खरा उपयोगाचा एवढाच.

पिसाचा सुमारे 85 टक्के भाग प्रथिनांचा असतो, त्यामुळे या काळात कोंबडीला चांगला खुराक लागतो. धनी सरकीची ढेप आणतो, कारण खानदेशात म्हशीला जे मानवते ते सगळ्यांना मानवते असा समज आहे. सरकीतले गॉसिपॉल कोंबडीला बाधते, पुढे अंड्याचा बलकही हिरवट पडतो. शेंगदाण्याची पेंड बरी, पण बुरशी न लागलेली. त्याहून बरी सुकट. बायको माळकरी असली तर ती आणताच धन्याचे अंथरूण ओट्यावर येते. जुन्या लाकडाखालची उधई फुकट मिळते आणि मैनेला सर्वांत आवडते, पण फुकटच्या औषधावर धन्याचा विश्वास बसत नाही.

नवे पीस आधी काट्यासारखे वर येते. त्याच्या नळीत रक्त खेळत असते. दाबले तर दुखते, मोडले तर रक्त येते. नेमक्या याच दिवसांत धनी मैनेला मांडीवर घेऊन खोबरेल चोळतो आणि ती का ओरडते म्हणून हळहळतो. धुळ्याकडची थंडी पडली की नातवाच्या कानटोपीला भोके पाडून अंगरखा होतो. तोही कोवळ्या पिसांवर दाबतो. कोरडे खुराडे, वाऱ्याच्या बाजूला गोणपाट आणि कोणी हात न लावणे, एवढे पुरते. यातले पहिले दोन धनी मनापासून करतो.

संक्रांतीच्या सुमारास मैना नव्या पिसांत मिरवते आणि पुढे अंडीही सुरू करते. धनी सगळे श्रेय खोबरेलाला देतो. शेजाऱ्याची कोंबडी मात्र दिवाळीनंतर झडू लागलेली असते, एकदम भुंडी होते आणि तेलाचा थेंबही न लावता मैनेबरोबरच भरून येते. उशिरा आणि भराभर झडणारी कोंबडी सहसा जास्त अंड्यांची असते. लवकर झडून रेंगाळणारी कमी अंड्यांची. गुरांच्या दवाखान्यात धन्याला हे सांगितले जाते. तो शेजाऱ्याला सांगत नाही.