वीज आधी बसला

मे २०२५ मध्ये मुंबईत बेस्टच्या बसचं किमान भाडं पाच रुपयांवरून दहा रुपये झालं. एसी बसचं सहावरून बारा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अटल सेतूवर विजेवर चालणाऱ्या मोटारींना टोल माफ झाला. मोटारीला एका खेपेचे अडीचशे रुपये पडत होते, ते वाचले. एकाच शहरातले निर्णय, आणि दोन्हींमध्ये तीन-साडेतीन महिन्यांचं अंतर. शहरातला धूर कमी करायचा असेल तर पहिला निर्णय त्या हेतूच्याच मुळावर उठणारा आहे.

टोलमाफी विजेच्या बसलाही आहे, हे खरं. पण अटल सेतूवरून रोज जाणारे किती आणि कुर्ला, घाटकोपर, सायन स्टेशनबाहेर बसच्या रांगेत ताटकळणारे किती, हे ज्याचं त्याने डोळ्यांनी पाहावं. शहर विजेवर न्यायचं असेल तर पहिला हक्क बसचा, दुसरा चाळीतल्या स्वयंपाकघराचा आणि मोटारीचा नंबर सगळ्यात शेवटी. आज ही रांग उलटी लागली आहे.

मुंबईला हे कुणी शिकवायची गरज नाही. या शहरात १८७४ पासून घोड्यांच्या ट्राम होत्या आणि ७ मे १९०७ रोजी ट्राम विजेवर धावली. १९१५ मध्ये टाटांनी खोपोलीला पाण्यावर तयार केलेली वीज मुंबईत येऊन गिरण्या चालवू लागली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला देशातली पहिली विजेची गाडी सुटली. त्या गाडीला शंभर वर्षं होऊन गेली. त्या काळात जे जे वाहन विजेवर गेलं, त्यात तिकीट काढून कुणालाही बसता येत होतं. मालक कंपनी असो की सरकार, वाहन सगळ्यांचं होतं. आजही मुंबईतलं सगळ्यात मोठं विजेवरचं वाहन कुठलं, तर लोकल. तिच्या दारात लोंबकळणाऱ्या माणसाला कुणी पर्यावरणप्रेमी म्हणत नाही, अनुदानाच्या जाहिरातीत त्याचा फोटोही नसतो.

३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम गेली आणि रूळ उखडले गेले. मोटारींना अडथळा होतो, हे तेव्हाच्या तक्रारींतलं एक मोठं कारण. मला तो निर्णय चुकीचा वाटतो. ज्या वाहनात शंभर माणसं मावतात ते चार माणसांच्या वाहनाला आडवं येतं, ही तक्रार ऐकून घेणाऱ्या शहराने तेव्हाच आपली बाजू निवडली होती.

७ ऑगस्ट १९४७ ला महापालिकेने वीज आणि ट्राम चालवणारी कंपनी ताब्यात घेतली. तेव्हापासून बेस्टच्या एकाच छपराखाली बसही आहे आणि बेटावरच्या मुंबईचा वीजपुरवठाही. विजेवरची बस चालवायला याहून सोयीची घडण कोणती? केबल तुमची, उपकेंद्र तुमचं, बसही तुमची. वर्षानुवर्षं वीज विभागाच्या पैशांतून बसची तूट भरून निघत होती. २००३ च्या वीज कायद्यानंतर ती वाट हळूहळू बंद झाली. वीजग्राहकाने बसचा भार का उचलावा, हा प्रश्न रास्त होता. पण मग तो भार कुणाचा? याचं उत्तर ना महापालिकेने नीट दिलं ना राज्य सरकारने. तो भार शेवटी प्रवाशाच्या तिकिटातून वसूल झाला.

आता हिशेब करू. बारा मीटरच्या एसी बसला एका किलोमीटरला सव्वा युनिटच्या आसपास वीज लागते. बसमध्ये चाळीस माणसं धरा. म्हणजे एका युनिटवर बस बत्तीस माणसांना किलोमीटरभर नेते. बॅटरीवरची मोटार एका युनिटवर सहा-सात किलोमीटर जाते, पण आत माणसं असतात एक किंवा दोन. तिचा आकडा दहाच्या आसपास येतो. बस अर्धी रिकामी असली तरी मोटारीच्या पुढेच राहते. आणि रस्ता? पेट्रोलची मोटार विकून विजेची घेतली म्हणून ती रस्त्यावर कमी जागा व्यापत नाही. पश्चिम द्रुतगती महामार्गावर संध्याकाळी सात वाजता अडकलेल्या शंभर गाड्या उद्या बॅटरीवर गेल्या, तर तिथे बिनधुराची कोंडी होईल. बिनधुराची बरी, हे मान्य. पण त्या कोंडीत मागे बसही अडकलेली असते.

शिवाय ही वीज सगळी उन्हावाऱ्यातून येत नाही. ट्रॉम्बे आणि डहाणूला कोळसा जळतो, तेव्हा इथले दिवे लागतात. चेंबूर-माहुलची माणसं ट्रॉम्बेच्या धुराच्या शेजारी राहतात. म्हणून एकेक युनिट कुणासाठी खर्च होतं, हे विचारलंच पाहिजे.

बेस्टने २०२२ मध्ये विजेच्या २,१०० बस भाडेतत्त्वावर घेण्याचा करार केला. तीन वर्षं उलटली तरी त्यातल्या बहुतेक रस्त्यावर आल्या नव्हत्या. त्याच काळात बेस्टच्या स्वतःच्या जुन्या बस एकामागून एक भंगारात गेल्या. नवी आल्याशिवाय जुनी काढायची नाही, एवढं तर घरात फ्रिज बदलतानाही माणूस पाळतो.

भाडेतत्त्वाचा दुसरा हिशेब रक्ताचा आहे. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ल्यात विजेवरची भाड्याची बस गर्दीत घुसली आणि सातहून जास्त माणसं गेली. चालकाच्या अपुऱ्या प्रशिक्षणाचा प्रश्न त्यानंतर ऐरणीवर आला. डिझेलच्या बसला क्लच असतो, गिअर असतात, इंजिन घरघरतं, वेग चढत चढत येतो. विजेच्या मोटरला पाय लावताच पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर मिळतो आणि आवाज जवळपास नसतो. पंधरा-वीस वर्षं डिझेल चालवलेल्या माणसाच्या पायाची सवय चार दिवसांत बदलत नाही. त्याला महिनाभर पगारी प्रशिक्षण द्या, जाणत्या चालकाशेजारी बसवा. किलोमीटरमागे सगळ्यात कमी दर सांगणाऱ्या कंत्राटदाराकडून हे आपसूक होणार नाही. ते करारात लिहावं लागेल आणि तपासावं लागेल.

आता घर. दक्षिण आणि मध्य मुंबईत १३ हजारांच्या आसपास जुन्या उपकरप्राप्त इमारती आहेत. जिन्याखाली लाकडी फळीवर मीटरची ओळ, त्यातून निघालेल्या वायरी एकमेकींत गुंतलेल्या, आणि अर्थिंग आहे की नाही हे वायरमनलाही सांगता येत नाही. अशा घरातल्या बाईला ‘इंडक्शन घ्या’ म्हणणं सोपं आहे. ती दोन हजार वॅटची शेगडी लावली आणि शेजारी इस्त्री सुरू असली की फ्यूज उडतो. लोड वाढवून घ्यायचा तर अर्ज आणि अनामत. घरापर्यंतची जुनी वायर बदलायची तर तो खर्चही भाडेकरूचाच. मालक हात वर करतो, पुनर्विकास होणार म्हणून वीस वर्षं कुणी काही दुरुस्त करत नाही.

वास्तविक या स्वयंपाकघरांना विजेची गरज सगळ्यात जास्त आहे. दहा बाय बाराच्या खोलीत एका भिंतीला ओटा आणि दुसऱ्या भिंतीला बाळाची झोळी असते. गॅसच्या ज्योतीतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड तिथेच कोंडतो. देशात वापरल्या जाणाऱ्या सिलिंडरच्या गॅसपैकी निम्म्याहून जास्त परदेशातून येतो, म्हणजे आखातात काही झालं की लालबागच्या ओट्यावर भाव चढतो. भाकरी मात्र ज्योतीवरच फुगते, हे बायका सांगतात ते बरोबरच आहे. गॅसचा एक बर्नर राहू द्या. डाळ, भात, चहा, आंघोळीचं पाणी एवढं विजेवर गेलं तरी सिलिंडर दुप्पट दिवस पुरेल. पण त्याआधी मीटरपासून ओट्यापर्यंतची वायर बदलली पाहिजे. मोटारीच्या खरेदीवर अनुदान देता येतं, तर चाळीच्या वायरिंगवर का नाही?

गाडी चार्ज करण्याच्या जागेचंही तसंच. २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांचा मुलगा गेला. माणसं बॅटरी काढून घरात नेतात, कारण खाली सुरक्षित प्लग नसतो. फेब्रुवारी २०२४ पासून केंद्राच्या नियमांनी वाहन चार्जिंगसाठी स्वतंत्र वीजजोडणी मागण्याचा हक्क ग्राहकाला दिला आहे. तरी कित्येक सोसायट्यांत कमिटी सभेचा ठराव, विम्याचं कारण, पार्किंग कुणाच्या नावावर, असं करत वर्ष काढते. ज्यांना पार्किंगच नाही, गल्लीत स्कूटर उभी करून जे रात्री डिलिव्हरी करतात, त्यांच्यासाठी तर कुणी नियमही लिहिलेला नाही. महापालिकेने गल्लीच्या तोंडाशी कुलूपबंद चार्जिंगची कपाटं उभी करावीत. वीज खांबापर्यंत आलेलीच आहे.

आणि शेवटी डेपो. विजेच्या बसला रात्री उभं राहायला जागा लागते आणि त्या जागेवर मोठ्या दाबाची वीज लागते. ट्रॅफिक नसताना, चार-पाच तास, शंभर बस एकाच वेळी. शहराच्या मध्यावर अशी जागा आज फक्त बेस्टच्या डेपोंकडे आहे. पैसा उभा करायचा म्हणून त्याच जमिनी बांधकामासाठी देण्याचे बेत पुन्हा पुन्हा पुढे येतात. तळमजल्यावर बस राहतील असं दरवेळी सांगितलं जातं. त्या तळमजल्यावर किती बस राहतील, ट्रान्सफॉर्मर कुठे बसेल, बॅटरीला आग लागली तर वरच्या मजल्यावरची माणसं कुठून उतरतील, हे नकाशावर दाखवल्याशिवाय एकाही डेपोचा करार होता कामा नये. आपल्या वॉर्डातल्या नगरसेवकाला हे याच आठवड्यात विचारा. डेपोचा नकाशा मागा, लेखी मागा.